बाहेरदेशी भाजी पाठवणाऱ्या एक्स्पोर्टर मंडळींना खुलं पत्र: नियमाचा कागद पेरणीच्या आधी द्या

प्रति,
नागपूर-भंडारा भागातून भेंडी, मिरची, वांगी, कारली उचलणारे सगळे एक्स्पोर्टर, त्यांचे एजंट आणि पॅकहाऊसवाले

रामराम मंडळी,

मौदा तालुक्यात माझं वावर आहे, भेंडी आणि हिरवी मिरची ही मुख्य पिकं, आणि आमच्या शेतकरी गटाचं लिहिण्याचं काम माझ्याकडे असतं म्हणून हे पत्र मी लिहितोय, पण म्हणणं गटातल्या सगळ्यांचंच आहे.

सरळ मुद्द्यावर येतो. तुम्ही आमच्याकडे येता कधी, तर तोडा सुरू झाल्यावर. भेंडी तीन-साडेतीन इंचाची झाली, नागपूरच्या कळमना बाजाराच्या भावापेक्षा किलोमागे चार-पाच रुपये जास्त देतो म्हणता, क्रेट टाकून जाता, आणि मग जाता जाता विचारता "भाऊ, औषध कोणतं मारलं होतं?" हा प्रश्न त्या दिवशी विचारून काय उपयोग आहे सांगा ना. तोपर्यंत त्या झाडावर जे जायचं ते गेलेलं असतं. दुबईचा नियम काय, लंडनचा काय, युरोपचा काय हे तुम्हाला ऑर्डर घेतानाच माहीत असतं, तुमच्या ईमेलमध्ये पडलेलं असतं, पण ते आमच्या बांधापर्यंत येत नाही, आणि आलं तर असं अर्धवट येतं की त्यातून काही समजत नाही. "कमी फवारा", "रेसिड्यू फ्री पाहिजे", बस एवढंच. कमी म्हणजे किती, कोणतं चालतं, कोणतं नाही, शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबायचं, हे कोणी कागदावर लिहून देत नाही.

आता भेंडीचंच घ्या, कारण सगळ्यात मोठी अडचण तिथेच आहे. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, दोन दिवस राहिली की जून होते, मग ती तुम्हीही घेत नाही आणि कळमन्यातही कोणी विचारत नाही. आणि औषधाच्या बाटलीवरच्या त्या बारीक अक्षरातल्या कागदावर काढणीपूर्व प्रतीक्षा काळ दिलेला असतो, कुठे तीन दिवस, कुठे पाच, कुठे सात. म्हणजे फवारल्यावर पाच दिवस थांबायचं असेल तर मधले दोन तोडे फेकावे लागतात. हे फेकलेले तोडे कोणाच्या हिशोबात धरायचे? शेतकऱ्याच्या डोळ्यासमोर ठिपक्याची अळी शेंग पोखरत असते, बाया सकाळी सहाला तोडायला येणार असतात, आणि आदल्या संध्याकाळी कृषी केंद्रवाला उधारीवर जे हातात देतो तेच पंपात जातं. यात शेतकऱ्याची काळजी कमी पडते असं म्हणणारे म्हणोत, पण आधीच सांगितलं असतं की या प्लॉटवर फुलं लागल्यापासून एवढी तीनच औषधं, बाकी कामगंध सापळे आणि निंबोळी अर्क, तर माणूस त्या हिशोबाने चालला असता. पीक उभं राहिल्यावर ते जमत नाही.

आणि भाजीत उरलेला औषधाचा अंश मोजतात तरी किती बारीक. युरोपात ज्या औषधाची त्या भाजीवर वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला सरसकट 0.01 पीपीएम लागू होतं. म्हणजे किलोला 0.01 मिलिग्रॅम. आमच्या गटात मी हे हिशोब करून सांगितलं, शंभर टन भेंडी, म्हणजे दहा टनाच्या दहा ट्रक, आणि त्यात सगळं मिळून एक ग्रॅम औषध. त्याच्यावर गेलं की माल नापास. क्लोरपायरीफॉस आपल्याकडे गल्लोगल्ली मिळतं, युरोपाने 2020 मध्ये त्याची परवानगीच काढली आणि मर्यादा याच 0.01 वर आणून ठेवली. शेजारच्या वावरात कापसावर मारलेलं वाऱ्याने आलं तरी पकडलं जाऊ शकतं. हे ऐकल्यावर गटातली म्हातारी माणसंही चूप झाली, कारण आजवर त्यांना कोणी हे सांगितलंच नव्हतं. मोनोक्रोटोफॉस तर भाजीपाल्यावर मारायला आपल्याच देशात किती वर्षांपासून मनाई आहे, तरी भाजीवाल्याला ते विकणारी दुकानं आहेत. लाल त्रिकोण म्हणजे अति विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा, हा साधा फरकसुद्धा पेरणीच्या आधी एका बैठकीत सांगता येतो.

द्राक्षवाल्यांचं 2010 मध्ये काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. नाशिककडची द्राक्षं युरोपात अडकली, कारण सीसीसी, म्हणजे बागायतदार ज्याला लिहोसिन म्हणतात ते वाढ रोखायचं औषध, त्याचा अंश सापडला. ते औषध मारलं जातं छाटणीनंतर, द्राक्ष तोडायच्या कितीतरी महिने आधी. तोडणीच्या दिवशी विचारून ते कळलं असतं का? त्यानंतर द्राक्षात ते तपासणीच्या यादीत आलं, बागांची नोंदणी, नमुने, लॅब, सगळी साखळी घट्ट झाली, आणि म्हणून नाशिक-सांगलीचा माणूस आज कोणत्या देशाला कोणतं औषध चालत नाही ते तोंडपाठ सांगतो. आमच्या विदर्भातल्या भाजीवाल्याला असं कोणी तयार केलं नाही. अपेडाची, म्हणजे शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, भाजीपाल्यासाठी प्लॉट नोंदणी आहे, कृषी विभागाकडे निर्यातक्षम वावरांची नोंद होते, पण गावात जाऊन विचारा, दहातल्या आठ जणांना त्याचं नावही माहीत नसतं.

एक स्पष्ट सांगतो, बाहेरच्या देशांच्या नियमांवर आमचा राग नाही. आपला देशही हेच करतो. 2003 चा प्लांट क्वारंटाइन ऑर्डर आहे, बाहेरून भाजी-फळ-बी आणायचं असेल तर आधी किडीच्या धोक्याचा अभ्यास झालेला पाहिजे, परमिट पाहिजे, तिकडच्या सरकारचं फायटो सर्टिफिकेट, म्हणजे मालात कीड-रोग नसल्याचा दाखला, पाहिजे, आणि बंदरावर तपासणी वेगळी. चीनचा लसूण आपण बुरशीच्या भीतीने बंद करून ठेवलाय ना, तो चोरून येतो तेव्हा आपण ओरडतोच की. मग युरोपवाला आपल्या वांग्यातली कीड नको म्हणतो तर त्याचं काय चुकलं? त्यांनी तर 14 डिसेंबर 2019 पासून जवळपास सगळ्याच ताज्या फळं-भाज्यांना फायटो सक्तीचं केलं, फक्त अननस, केळी, नारळ, खजूर, ड्युरियन एवढीच सुटली. भेंडी आणि कढीपत्ता तर औषधाच्या अंशासाठी त्यांच्या वाढीव तपासणीच्या यादीत बसलेलेच आहेत.

2014 आठवा. 2013 या एका वर्षात भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या 207 खेपांमध्ये फळमाशी आणि तसल्या किडी सापडल्या, आणि 1 मे 2014 पासून युरोपीय संघाने आंबा, वांगं, कारलं, पडवळ आणि अळूची पानं बंद केली. आंब्यासाठी मोठमोठे लोक धावले, जानेवारी 2015 मध्ये आंबा सुटला. भाज्यांना 2016 संपेपर्यंत वाट पाहावी लागली. कारल्यासाठी कोण भांडतं? आणि बंदी येते ती सगळ्या देशावर येते, ज्याने चांगला माल दिला त्याच्यावरही. ज्याने घाई केली, पॅकहाऊसमध्ये नीट पाहिलं नाही, त्याचं लायसन तेवढं बंद झालं असतं तर आमची काही तक्रार नव्हती.

कीड पाहणं किती बारीक काम आहे ते मी एका पॅकहाऊसमध्ये उभं राहून पाहिलंय. वांगं वरून एकदम चकचकीत, एकही डाग नाही, कळमन्यात तर पहिल्या बोलीत गेलं असतं. तिथल्या ताईंनी देठाची ती हिरवी टोपी टाचणीने थोडी उचलली, भिंग लावलं, आणि खाली फिक्कट पिवळा, केसाएवढा थ्रिप्स चालत होता. एकच होता, पण ते अख्खं क्रेट बाजूला गेलं. कारल्यात फळमाशीने टोचलेली जागा म्हणजे सुईच्या टोकाएवढा ठिपका, तो दिसला नाही तर विमानात आत अळी वाढते आणि तिकडच्या इन्स्पेक्टरसमोर बाहेर येते. हे वांगं-कारलं तपासणीच्या टेबलावर आल्यावर काही करता येत नाही, करायचं असतं वावरात, फळमाशीला वासाने ओढणारे क्यू ल्यूरचे सापळे वेलाला फूल लागायच्या आधी लावायचे असतात, किडकी फळं बांधावर न टाकता पुरायची असतात. ज्या वावराला दोन महिने आधी हे सांगितलं तिथे टेबलावर कमी माल बाद होतो, हे त्या ताईंनीच मला सांगितलं. त्यांचं म्हणणं कोणी ऑफिसात ऐकून घेतं का माहीत नाही, पण ऐकायला पाहिजे.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते ती. नोंदणी आमच्या प्लॉटची, नंबर आमचा, आणि ऑर्डरला माल कमी पडला की रात्री मार्केटमधून उचललेली भेंडी त्याच नंबरच्या बॉक्समध्ये भरायची. आमच्या गटाच्या बाबतीत हे झालंय, कोणी केलं ते मी इथे लिहीत नाही, ज्याने केलं त्याला माहीत आहे. आमच्या वावरातून निघाले तेवढ्यापेक्षा जास्त बॉक्सवर आमचा नंबर गेला होता. त्या मालात काय होतं, कोणी काय फवारलं होतं, देव जाणे. पुढे बोट कोणाकडे गेलं? नंबर ज्याचा त्याच्याकडे. नोंदणीचा अर्थच हा की बॉक्सवरून वावरापर्यंत मागे येता यावं, आणि तुम्ही तीच वाट बुजवली तर उद्या खऱ्या शेतकऱ्याचं खरं बोलणंही कोणी मानणार नाही.

मग येते पट्टी. महिन्याने हिशोबाची पट्टी येते, त्यात लिहिलेलं असतं "माल रिजेक्ट, कपात". कोणत्या तारखेचा माल, कोणत्या देशात, कोणत्या लॅबचा रिपोर्ट, कोणतं औषध, किती पीपीएम, काहीच नाही. फोन केला तर व्हॉट्सअॅपवर एक फोटो येतो, काळ्या पडलेल्या भेंडीचा. अहो, भेंडी काळी पडते ती थंडीनेही पडते, सात अंशाच्या खाली ठेवली की तिच्यावर खड्डे नि डाग येतात, आणि मे महिन्यात नागपूरच्या पंचेचाळीस अंशात गाडी दोन तास उन्हात उभी राहिली तरी पडते. औषधाचा अंश फोटोत दिसत नाही. गाडी उशिरा आली, विमानात जागा मिळाली नाही, तिकडे भाव पडला म्हणून घेणाऱ्याने खोड काढली, यातलं खरं काय झालं ते आम्हाला कळायचा रस्ताच नाही, पण पैसे मात्र आमचे कापले जातात. तुम्ही म्हणाल आम्हीही बुडतो. मान्य आहे. ताज्या भाजीत एलसी, म्हणजे बँकेची पैशाची हमी, कोणी देत नाही, माल जातो विश्वासावर, विकून मग पैसे, हे मला समजतं. ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यातदारांसाठी विमा आहे पण तो खरेदीदार बुडाला किंवा त्याने पैसे थकवले तर कामाला येतो, मालाच्या दर्जावरून वाद झाला की तो हात वर करतो, तिकडच्या कोर्टातून निकाल आणा म्हणतो. दोन लाखाच्या भेंडीसाठी शारजाच्या कोर्टात कोण जाणार! पण तुमच्याकडे दहा खरेदीदार आहेत, एकात गेलं तर दुसऱ्यात निघतं. आमच्याकडे एकच वावर आहे आणि सोसायटीचं कर्ज मार्चमध्ये भरायचं असतं.

शिवाय काही धोके असे आहेत की ज्यात तुमचीही चूक नसते आणि आमचीही. 2014 मध्ये सौदीने आपली हिरवी मिरची बंद केली होती, औषधाच्या अंशामुळे, तेव्हा ज्याच्या मिरचीत काही नव्हतं तोही बसला. 2018 मध्ये केरळात निपाह आला, आखातातल्या देशांनी केरळची फळं-भाजी थांबवली. जून 2019 मध्ये नेपाळने अचानक भारतीय भाजीला कीटकनाशकाची तपासणी सक्तीची केली, बॉर्डरवर ट्रक सडत उभे राहिले, मग सरकारने निर्णय मागे घेतला, मग तिथल्या सुप्रीम कोर्टाने तपासणी चालू ठेवा म्हटलं. नागपूरच्या माणसाला तर संत्र्याचं सांगायलाच नको, बांगलादेशने 2019 पासून आयात शुल्क वाढवत वाढवत 2023 मध्ये चौपटीच्या वर नेलं आणि इकडे काटोल-नरखेडच्या बागांमध्ये व्यापारी यायचा बंद झाला. आणि आपलं स्वतःचं सरकार? कांद्याला ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क, 8 डिसेंबरला थेट बंदी, ती उठली 4 मे 2024 ला. आज करार करा, उद्या नोटिफिकेशन येतं. हे धोके जाणार नाहीत, म्हणूनच ते कोणी किती सोसायचे ते आधी लिहून ठेवलं पाहिजे. आज काय होतं, फायदा झाला तर भाव ठरलेलाच, वाढवून मिळत नाही, आणि नुकसान झालं तर ते पूर्ण खाली सरकत सरकत वावरापर्यंत येतं.

अजून एक बोलतो, ते फक्त एक्स्पोर्टचं नाही. तुमच्या टेबलावर किंवा लॅबमध्ये जो माल औषधामुळे नापास होतो तो जातो कुठे? संध्याकाळी कॉटन मार्केटला आणि तिथून सक्करदरा, महाल, इतवारीच्या हातगाड्यांवर. दुबईच्या लेकराला जी भेंडी चालत नाही ती नागपूरच्या लेकराच्या डब्यात जाते. आपल्या एफएसएसएआयच्याही, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्याही, मर्यादा आहेत, कागदावर त्याही कडकच आहेत, पण हातगाडीपर्यंत कोण तपासायला येतं. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळात फवारणी करता करता वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, कित्येक जण डोळे चोळत दवाखान्यात पडून होते, ते चित्र या भागातला माणूस विसरलेला नाही. म्हणून मी म्हणतो की परदेशाचा कडक नियम आमच्या वावरात वेळेवर पोचला तर त्याचा फायदा आधी फवारणाऱ्याला आहे, मग खाणाऱ्याला, मग तुम्हाला. मला तर हा नियम धंद्याच्या आधी याच कारणाने पाहिजे.

तर आता मागणं काय ते लिहितो. बी टाकायच्या आधी एक कागद द्या, मराठीत, त्यात देश कोणता, कोणती औषधं चालतील, कोणती अजिबात नाही, प्रत्येकाला किती दिवस थांबायचं, आणि थांबण्यात जे तोडे वाया जातील त्याचा भावात काय विचार केला. त्या कागदाची एक प्रत गावच्या कृषी केंद्रात लावा, कारण खरा सल्ला तिथूनच मिळतो, कृषी सहायकाला पण द्या. पहिल्या तोड्याच्या आधी वावरातला नमुना आमच्यासमोर घ्या, पिशवीवर आमची सही असू द्या, लॅबचा खर्च अर्धा अर्धा करू, आम्ही मागे हटणार नाही. नापास झाला तर माल तुम्ही उचलू नका, आमची काहीच हरकत नाही, पण नमुना पास झाला आणि माल तुमच्या गाडीत चढला, तर त्यानंतर गाडीचा उशीर, थंडी, विमान, तिकडचा भाव हे आमच्या पट्टीत टाकू नका. आणि रिजेक्ट झाला असेल तर रिपोर्टची कॉपी द्या, लॉट नंबरसकट. आमच्या औषधाने झाला असेल तर आम्ही कपात मान्य करू, असं गटाच्या बैठकीत ठरलंय आणि रजिस्टरमध्ये लिहिलंय. आमच्या नंबरवर दुसऱ्याचा माल भरणं मात्र बंद म्हणजे बंद, त्यात वाटाघाट नाही.

कृषी विभाग आणि पणन मंडळाच्या साहेबांपर्यंत हे पत्र गेलं तर त्यांनाही एवढंच, प्रशिक्षणाची तारीख पेरणीच्या महिन्यात ठेवा, मार्च एंडला बजेट संपवायला हॉलमध्ये बोलावू नका, तेव्हा आमचे तोडे चालू असतात.

उन्हाळी भेंडीचं बी आमच्याकडे जानेवारीच्या शेवटी, फार तर फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पडतं. ज्यांना या हंगामात आमचा माल पाहिजे त्यांनी डिसेंबरात गावात यावं, समाजमंदिरात बसू, कागद घेऊन या आणि ज्याला सही करायचा अधिकार आहे तो माणूस सोबत आणा. एजंटला एकट्याला पाठवू नका. गटाने ठरवलंय की कागद नसेल तर भाव कितीही दिला तरी तो माल कळमन्यालाच जाईल.

तुमचा,
मौदा तालुक्यातला एक भाजीवाला शेतकरी, गटातल्या सगळ्यांच्या वतीने